वसईच्या तटाच्या आत आणि बाहेर



आपल्या पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मी चार शब्द बोलावेत अशी समितीची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम मला पडले नाहीत. गेल्या महिन्यात आपल्यापैकी चाळीसएक मंडळी वसईचा किल्ला पाहून आली. परतीच्या वाटेवर बसमध्ये सर्व जण दमून डुलक्या घेत असता आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "सर, ती लढाई आपण जिंकली की हरलो?" मी त्यास म्हटले, "घरी पोहोचू, मग सांगेन." हिंदमात्याचा पूल आला, मुलगा उतरून गेला, आणि उत्तर माझ्यापाशीच राहिले. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलास द्यावयाचे राहिलेले उत्तर होय. वडील मंडळींनी ते ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

प्रश्न त्याचा असला तरी नवा नव्हता. मी त्याच्याच वयाचा असताना आमच्या वर्गात चिमाजीअप्पांची वसईची मोहीम शिकविली जात होती. शिकविणारे गुरुजी मोठे रसाळ. सुरुंग उडाला, बुरूज ढासळला, भगवे निशाण वर चढले, आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या. तोच शेजारचा माझा सोबती, अगदी निर्मळ मनाचा मुलगा, मला म्हणाला, "तू कशाला वाजवतोस? तुमचाच किल्ला आम्ही घेतला ना!" त्याच्या बोलण्यात द्वेषाचा लवलेश नव्हता, हिशोब चुकलेल्या सोबत्यास हिशोब दाखवून द्यावा, तसे त्याने दाखविले. मी हात खाली घेतले. त्या दोन हातांचे काय करावे हे मला पुष्कळ दिवस समजले नाही.

वसईचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, एके काळी आपले हे दादर-परळ वसईच्या ताब्यातील एक किरकोळ खेडे होते. १५३४ सालच्या डिसेंबर महिन्यात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मोगलांच्या भीतीने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई, तिच्याखालचा मुलूख व बेटे त्यांस तोडून दिली. त्या बेटांत मुंबईही गेली. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी वसई. मुंबईची शेते, नारळीच्या वाड्या यांचा कारभार तिच्याकडे पाहून चाले. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली, तेव्हा कोठे हा धागा तुटला. परंतु तत्पूर्वीच फ्रान्सिस्कन संन्याशांनी १५९६ मध्ये दादरचे साल्व्हासांवचे देऊळ स्थापिले होते, ज्यास आज टॅक्सीवाल्यापासून सर्व जण 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात. परळची हाफकिन संस्था आपल्यापैकी अनेकांनी लशीच्या निमित्ताने पाहिली असेल. १८९९ मध्ये तेथे प्लेगची प्रयोगशाळा आली. त्यापूर्वी ते गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान होते, आणि त्याही पूर्वी तेथे येशूसंघीयांचा मठ होता. हिंदमात्याचा आपला सखल चौक पहिल्याच जोरदार पावसात भरतो, तेव्हा हा भाग बेटांचा होता याची आठवण महापालिकेलाही होत असेल. तात्पर्य, आपण त्या दिवशी गेलो ते परक्या गावी नव्हे.

आता प्रवासाविषयी थोडेसे. जे आले होते त्यांस हे ठाऊकच आहे; जे आले नव्हते त्यांच्यासाठी सांगतो.

वसईचा किल्ला म्हणजे डोंगरावरचा गड नव्हे. तो तटाने वेढलेले अख्खे शहर आहे. दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र. शंभर एकरांहून अधिक भूमीस दगडी तटाचा वेढा, आणि कोपऱ्याकोपऱ्यास पुढे आलेले बुरूज. त्या बुरुजांस सांत सेबास्तियन, सांत पेद्रो, सांत पावलो, रेमेदीची माता अशी नावे होती. भूदरवाजातून आत शिरताना वाट सरळ जात नाही. एक दार ओलांडले की वळावे लागते आणि मग दुसरे दार येते, ज्यायोगे हत्तीने वा ओंडक्याने धडक मारण्यास वाव राहू नये. आमच्या मुलांनी त्या वळणावर लपाछपी आरंभिली, आणि शिपाईगिरीची ती सारी युक्ती पाच मिनिटांत त्यांच्या ध्यानी आली. एवढे चांगले स्पष्टीकरण मला करता आले नसते.

आत शिरल्यावर मात्र गलका आपोआप थांबला. रस्ता आहे, दोहों बाजूंस घरांच्या भिंती आहेत, खिडक्यांच्या चौकटी आहेत; छप्पर नाही, माणूस नाही. ताडाची झाडे वाड्यांच्या दिवाणखान्यांतून वर गेली आहेत. वडाच्या मुळ्यांनी कमानी अशा आवळून धरल्या आहेत की झाड काढावे तर कमान पडेल. मधूनच एखादे जोडपे छायाचित्रकारास बरोबर घेऊन लग्नापूर्वीच्या तसबिरी काढीत असते. एका विलायती गायकवृंदानेही आपल्या गीताचे चित्रण येथे केले, ही माहिती मला मुलांकडूनच मिळाली. इतिहासाच्या बाबतीत मी त्यांस जेवढे शिकविले, त्याची ही रोकडी फेड होय.

देवळे आम्ही क्रमाने पाहिली. सांत जोसेफाचे महामंदिर उंच मनोऱ्याचे; त्याच्या दारावरील शिलालेखात १६०१ हे साल आणि गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांचे नाव आहे. डोमिनिकन संन्याशांचे देऊळ १५८३ चे. येशूसंघीयांच्या देवळाचा दर्शनी भाग सर्वांत देखणा. खाचा पाडलेले स्तंभ आणि वर येशूच्या नामाची तीन अक्षरे. सांत फ्रान्सिस झेवियर स्वतः या गावी येऊन गेला होता. वसईचा दगडही नावाजलेला. गोव्यात ज्या देवळात त्याचे शरीर ठेविले आहे, त्या बॉं जेझूसच्या दर्शनी भागाच्या नक्षीसाठी दगड वसईहून नेला होता. मी हे सांगितल्यावर आमच्यातील गवंडीकाम केलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी भिंतीवर तळहात ठेविला आणि बराच वेळ काढला नाही.

फ्रान्सिस्कनांच्या सांत आंतोनीच्या देवळात आम्ही सर्वांत अधिक थांबलो, कारण तेथील फरशीच मुळी थडग्यांची आहे. पायाखाली शिळा, शिळांवर पोर्तुगीज अक्षरे, घराण्यांची चिन्हे, ढाली, मुकुट. मुंबईचे विद्वान डॉक्टर जेरसन द कुन्हा यांनी वसईच्या अशा लेखांची टिपणे घेऊन १८७६ साली चौल व वसईच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशाने वैद्य असलेल्या या गोमंतकीय गृहस्थाने रोग्यांच्या नाड्या पाहून उरलेला वेळ मेलेल्या शहराची नाडी पाहण्यात घालविला, म्हणून आज झिजलेल्या कित्येक ओळींचा अर्थ आपणांस लावता येतो.

आमच्यापैकी एका मावशींनी चपला काढून हातांत घेतल्या आणि शिळांच्या सांध्यांवरून पाऊल टाकीत चालू लागल्या. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, यांत आपल्या गावचे नाव एकही नाही का हो?" मी पाहिले. तेथे दोन्ह होते, फिदाल्गो होते, त्यांच्या भार्या होत्या. ज्यांनी हा दगड खाणीतून काढला, घडविला, डोक्यावरून वाहिला, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव मला तेथे सापडले नाही.

बंधूंनो, या शहराची घडणच तशी होती. तटाच्या आत प्रामुख्याने पोर्तुगीज खानदानी कुटुंबे, अधिकारी, शिपाई व संन्यासी राहत. देशी लोकांची वस्ती, मग ते हिंदू असोत वा नवख्रिस्ती, बहुतांशी तटाबाहेर असे. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी हे दिवसा आत येऊन राबावयाचे व आपल्या पाड्यावर परतावयाचे. ज्यांस आपण आज वसईचे ख्रिस्ती म्हणतो, त्यांचे पूर्वज या वाड्यांचे धनी नव्हते. हे ध्यानी घेतल्यावाचून त्या मुलाच्या प्रश्नास हात घालता येणार नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि महोत्सवाच्या प्रसंगी ती बोलू नये असे काही मित्रांनी मला सुचविले होते. परंतु जी गोष्ट शेजारी जाणतो ती आपण घरात झाकून काय साधणार? पोर्तुगीजांच्या अमलात हिंदूंची देवळे मोडली गेली, त्यांच्या उघड विधींस बंदी झाली, आणि धर्माच्या नावाने पुष्कळांवर जुलूम झाला. हे खरे आहे. पेशव्यांकडे गाऱ्हाणे घेऊन जे गेले, ते कोणी परप्रांतीय नव्हते. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही याच मुलखातील माणसे होती. तटाच्या आतील लोकांनी आपल्या शेजाऱ्यास शत्रू करून ठेविले, आणि मग तट कितीही जाड असला तरी तो पुरेना.

मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. साष्टी आणि ठाणे आधी गेले. वसईचा वेढा १७३९ च्या आरंभी आवळला. पोर्तुगीज शिबंदी शर्थीने लढली, हे मराठ्यांनीही नाकारलेले नाही. चिमाजीअप्पांनी, किल्ला हाती येत नसेल तर तोफेच्या तोंडून माझे मस्तक तरी आत पडू द्या, असे म्हटल्याची आख्यायिका आहे. दोन्ही बाजूंची माणसे किड्यामुंगीसारखी मेली. किल्ल्यातील लोकांनी मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरले. ते आपलेच सोयरे, ख्रिस्ती, शेजारी. त्यांनी काय केले? देवळांतील चांदीची भांडी व पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये दिले! ज्या पात्रांत पवित्र मिस्साचा द्राक्षारस घेतला जाई, त्यांचे मोल व्यापाऱ्याने तोलून पाहिले. धर्माची सोयरीक आणि राज्याची सोयरीक या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे त्या पंधरा हजारांवरून मला जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही ग्रंथावरून दिसले नाही.

सांत सेबास्तियनच्या बुरुजास सुरुंगाने खिंडार पडले, आणि १६ मे १७३९ रोजी तहाच्या अटी ठरल्या. २३ मे रोजी शहर मराठ्यांच्या स्वाधीन झाले. या अटी मुलांनी अवश्य वाचाव्यात. शिबंदीने शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत बाहेर पडावे. कुटुंबांनी आपली चीजवस्तू घेऊन सुखरूप जावे. जे मागे राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी आणि काही देवळे त्यांच्याकडे राहावीत. इतके रक्त सांडल्यावर इतक्या उदार अटी देणाऱ्या विजेत्याविषयी आदर वाटावयास आपण हिंदू असण्याची आवश्यकता नाही. किल्ल्यात वज्रेश्वरीचे मंदिर आहे, अप्पांचा पुतळाही आहे. आमच्या मंडळींनी पुतळ्यास नमस्कार केला. तो कोणी सांगितल्यावरून केला नाही.

देवळांतील घंटा विजेत्यांनी नेल्या, हे खरे. त्यांतील एक आज वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृती आहे. मी ती पाहिली आहे. कृष्णेच्या काठी, महादेवाच्या दारी, ती आपली माता बसली आहे, आणि गावचे लोक घंटेस शेंदूर न लावता जपून आहेत. ती परत मागावी असे मला वाटले नाही. तुम्हांस वाटल्यास आपण त्यावर निराळी सभा भरवू.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. १७८० मध्ये जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत गेला, आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत तैनाती फौजेचा फास गळ्यात घालून घेतला. जो किल्ला घेण्यात पेशवाईने आपले तेज दाखविले, तेथेच तिने ते गमाविले. एवढे होईतो शहर ओस पडले होते.

परंतु माणसे ओस पडली नव्हती! आणि येथे मी मुलाच्या प्रश्नाशी येतो. तटाच्या आतील देवळे एकामागून एक मोडकळीस आली; त्यांचे धनी गोव्यास गेले. तटाबाहेर पापडी, सांडोर, रमेदी, मर्सेस, गास, निर्मळ येथील ख्रिस्ती लोक मात्र कोठेच गेले नाहीत. त्यांस जावयास दुसरा देश नव्हता. देवळे पडली तेथे त्यांनी पुन्हा उभारली. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्युपेरों नावाचा फ्रेंच विद्वान साष्टीतून गेला; मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक आपला सण उघडपणे, मोठ्या गर्दीने साजरा करीत आहेत, हे पाहून त्याने ते नमूद केले. पोर्तुगीज धनी नाही, तोफ नाही, तट नाही, आणि तरी सण आहे. आज त्याच भूमीत १९९८ पासून वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत आहे, पापडीचे कृपामातेचे देऊळ त्याचे कॅथेड्रल आहे, तेथे मराठीतून मिस्सा होते. आणि त्या मातीतील एक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० साली उस्मानाबादेस भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी बसले. दोन्ह आणि फिदाल्गो यांच्या शिळांवर आज ताडगोळ्यांची साले पडतात.

आणि तटाच्या आतबाहेरचा हा हिशोब ज्याच्यापाशी येऊन थांबतो, तो गोन्सालो गार्सिया. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला हा मुलगा पोर्तुगीज बापाचा आणि येथल्या देशी आईचा. तो येशूसंघीयांच्या शाळेत शिकला, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानास गेला, तेथली भाषा बोलू लागला, पुढे व्यापार केला, आणि अखेरीस मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामान्य बंधू म्हणून दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांस क्रुसावर चढविले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यास संतपदी बसविले. भारतभूमीत जन्मलेला हा पहिला संत. सांत आंतोनीच्या फरशीवर त्याच्या आईच्या नावाची शिळा नाही. परंतु येशूसंघीयांच्या त्या देवळात आज जी मिस्सा होते, ती तिच्या मुलाच्या सणाची.

आमच्या वर्गातील त्या प्रसंगानंतर मी घरी येऊन आजोबांस हेच विचारले होते. आजोबा मूळ वसईचे, पोटासाठी परळच्या गिरणीत आलेले. त्यांनी काहीच उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी मला घेऊन ते आगगाडीत बसले. आधी पापडीच्या देवळात मिस्सा ऐकली. मग एका चुलत आजीच्या घरी जेवण झाले. आंबट-तिखट निवट्याचे कालवण होते, अजून चव जिभेवर आहे. ऊन उतरल्यावर किल्ला. भूदरवाजापाशी आल्यावर त्यांनी टोपी काढली नाही की मान लवविली नाही. ते इतकेच म्हणाले, "आपली माणसे या दारातून पाट्या घेऊन आत जात आणि संध्याकाळी बाहेर येत. लढाई आतल्यांची झाली. आपण बाहेर होतो." मग थोडे चालून गेल्यावर, जणू माझा प्रश्न त्यांस तेव्हाच ऐकू आला असावा, त्यांनी विचारले, "टाळ्या वाजविल्यास ना? मग बरे केलेस. गावातला जुलूम गेला, तो तुझ्याही गावातला." त्यांस लिहितावाचता बेताचेच येई.

तेव्हा, बाळ, तू तेथे मागच्या रांगेत बसला आहेस हे मला दिसते. जिंकले ते शेजारी, हरले ते पाहुणे, आणि आपण घरचे होतो. याहून नेमके उत्तर मला पन्नास वर्षांत सापडले नाही. तुला सापडल्यास मला येऊन सांग.

एक कामाची गोष्ट सांगून खाली बसतो. पावसाळा संपल्यावर दुसरी सहल काढण्याचे ठरत आहे. या खेपेस भाईंदरहून बोटीने खाडी ओलांडावी असा विचार आहे. तेथून वसईपर्यंत रो-रो बोट २०२४ साली सुरू झाली. म्हणजे समुद्रदरवाजाच्या बाजूने, जुने गलबतवाले येत तसे आपणही येऊ, आणि किल्लाबंदरच्या कोळणी बोंबील वाळत घालतात ते आधी पाहू, थडगी मग. नावे लिहिण्याची वही सॅक्रिस्टीबाहेरच्या मेजावर ठेविली आहे. पहिले नाव आमच्या या प्रश्नकर्त्याचेच आहे. त्याखाली त्याने आपल्या शाळेतील एका मित्राचे नाव लिहिले आहे आणि समासात विचारले आहे की, हा आपल्या पॅरिशचा नाही व ख्रिस्तीही नाही, तरी चालेल काय. चालेल, असे मी तेथे लिहून ठेविले आहे. टोपी व पाण्याची बाटली मात्र प्रत्येकाने आपापली आणावी. किल्ल्यात सावली थोडी आहे.